औषधांच्या दुष्परिणामांवरचे पिरमोहमद यांचे निबंध: नागपूरच्या वॉर्डात कसे वाचायचे?

गोरेवाडा

सर मुनीर पिरमोहमद हे लिव्हरपूल विद्यापीठातले औषधशास्त्राचे प्राध्यापक. औषधांचे दुष्परिणाम, म्हणजे एडीआर, हा त्यांचा मुख्य विषय. त्यांच्या गटाचे तीन निबंध या धाग्यावर एकत्र घेतो. सुटे वाचले तर त्यातले आकडे फसवतात.

पहिला २००४ चा, बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला. मर्सीसाइडमधली दोन रुग्णालयं, सहा महिने, १८,८२० भरत्या. त्यातल्या १,२२५ भरत्यांचा संबंध औषधाच्या दुष्परिणामाशी होता, म्हणजे ६.५ टक्के. या १,२२५ पैकी ८० टक्क्यांत दुष्परिणाम हेच भरतीचं थेट कारण होतं. मुक्काम साधारण ८ दिवसांचा, आणि रुग्णालयाच्या एकूण खाटांपैकी ४ टक्के खाटा अशा रुग्णांनीच व्यापलेल्या. टाळता येण्याजोगे किती? ९ टक्के नक्की, ६३ टक्के कदाचित.

दुसरा २००९ चा, प्लॉस वनमधला. यात भरती झाल्यानंतर वॉर्डातच झालेले दुष्परिणाम मोजले. ३,६९५ भरत्यांमध्ये प्रमाण १४.७ टक्के, आणि निम्म्याहून थोडे जास्त टाळता येण्याजोगे.

तिसरा २०२२ चा, बीएमजे ओपनमधला. मेडिसिनच्या १,१८७ भरत्यांपैकी १६.५ टक्के भरत्या दुष्परिणामामुळे, किंवा त्याचा हातभार लागून. दुष्परिणाम झालेले रुग्ण सरासरी १०.५ औषधं घेत होते, न झालेले ७.८.

६.५ वरून १६.५ म्हणजे अडीचपट वाढ, असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. तसं म्हणता येत नाही. २००४ चा अभ्यास सहा महिन्यांचा आणि व्यापक भरत्यांचा, २०२२ चा एका महिन्याचा आणि फक्त मेडिसिनचा. छेदच वेगळा आहे.

मला महत्त्वाची वाटते ती औषधांची यादी. २००४ मध्ये सगळ्यात वर कोण होतं? कमी डोसचं ॲस्पिरिन, लघवीच्या गोळ्या, वॉरफरिन, वेदनाशामक. एकही नवं किंवा दुर्मीळ औषध नाही. ही सगळी औषधं मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत रोज लिहिली जातात. या अभ्यासाचं नवेपण मोजणीच्या पद्धतीत होतं: भरती झालेल्या प्रत्येकाला काय घेत होता आणि कधीपासून, हे विचारलं गेलं. डॉक्टरांना शंका आलेल्यांनाच विचारलं, असं झालं नाही.

नागपुरात एका युनिटपुरतं हे करायचं तर काय लागेल, आणि इथे काय वेगळं निघेल, यावर जाणकारांनी लिहावं.

अंबाझरी

वेगळं काय निघेल त्याचं पहिलं उत्तर आपला उन्हाळा. लिव्हरपूलमध्ये पारा ४५ च्या वर जात नाही, आपल्याकडे मे महिन्यात जातो. त्याच दिवसांत ज्या गोळ्या हिवाळ्यात निमूट चालल्या होत्या त्या मूत्रपिंडाला बाधतात.

यंत्रणा अशी. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि नेणारी दुसरी. शरीरातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन आणणारी धमनी रुंद ठेवतं, आणि अँजिओटेन्सिन नेणारी आवळून दाब टिकवतं. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक पहिली सोय बंद करतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही बीपीची औषधं दुसरी बंद करतात. वरून हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा टोरसेमाइड पाणी काढतं. तिन्ही एकत्र आली, रुग्ण दिवसभर उन्हात राबला, दोन जुलाब झाले, की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठणारा घटक, चढलंच समजा.

यावरचा २०१३ चा बीएमजेमधला अभ्यास बघा. बीपीची औषधं घेणारे ४,८७,३७२ लोक. तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत तीव्र मूत्रपिंड विकाराचा धोका एकूण १.३१ पट, पण पहिल्या ३० दिवसांत १.८२ पट. धोका सुरुवातीलाच असतो, त्यामुळे 'गुडघा दुखतो, पाच दिवस गोळी घ्या' हा छोटा कोर्सही निरुपद्रवी धरू नये. बीपीच्या रुग्णाला दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल, म्हाताऱ्या माणसाला दिवसाला ३ ग्रॅमच्या आत.

आजारी दिवसाचा नियम केसपेपरवर आधीच लिहून द्यावा: उलट्या-जुलाब सुरू असतील, खाणंपिणं बंद असेल, तर सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन गटातली मधुमेहाची गोळी थांबवायची, पूर्ववत खाऊपिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू करायची. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला मात्र हा नियम सरसकट देऊ नका. त्याने लघवीची गोळी मनाने बंद केली तर तो छातीत पाणी भरून येतो. त्याने आधी विचारायचं.

मानसिक आजाराच्या दोन गोष्टी राहून जातात. लिथियम: घामातून मीठ गेलं की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतं. हात थरथरणं, चालताना तोल जाणं, जुलाब दिसले की त्याच दिवशी पातळी, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तावर. आणि ट्रायहेक्सिफेनिडिल: ते घामच बंद करतं. अँटिसायकोटिकसोबत ही गोळी घेणारा माणूस मे महिन्यात ताप आणि कोरड्या कातडीने आला तर उष्माघातासोबत औषधाचाही संशय दुष्परिणाम कळवायच्या फॉर्मवर यायला हवा. येत नाही, कारण निदान 'ऊन लागलं' इथेच संपतं.

चितारओळ

औषध दुकानाच्या बाजूने लिहितो. मोजणी कुठे फसते तर औषधांच्या माहितीत.

'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' हा प्रश्न अपुरा आहे. लोकांच्या लेखी गोळी म्हणजे गोळी. इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मलम, पुडी, पाळी पुढे ढकलायची गोळी यातलं काहीच त्यात धरलं जात नाही. म्हणून तक्रारीवरून विचारा: झोपेसाठी काही? पोट साफ व्हायला? सांधे दुखतात त्यासाठी? ॲसिडिटीसाठी? गेल्या महिन्यात कुठे सुई घेतली? शेवटी सांगायचं, घरची औषधांची पिशवी जशी आहे तशी घेऊन या, संपलेल्या पाकिटांसह.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका ठेवावी. चेहरा सुजल्यासारखा गोल, कातडी पातळ, सहज निळे डाग, साखर वाढलेली. यात भरतीचं कारण पुडी घेणं नसून ती अचानक बंद होणं हेही असू शकतं: बीपी पडतं, सोडियम कमी, उलट्या. संशय असला तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून लगेच. रिपोर्टची वाट बघत बसू नये.

मग येतो कापलेल्या पट्टीचा प्रश्न. चार गोळ्या कापून दिल्या की बॅच नंबर आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहतात. औषधविक्रेत्याने छापलेल्या टोकाच्या विरुद्ध बाजूने कापावं, बिलावर बॅच लिहावी. रुग्णाने पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. आणि ब्रँडच्या मूळ नावापुढे एक अक्षर बदललं की आतलं औषध बदलतं, म्हणून नोंद घटकाच्या नावाने, मिलिग्रॅमसह. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि दुखण्याची गोळी अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. बेरीज केल्याशिवाय ते दिसत नाही.

फुटाळा

कारणसंबंध ठरवायला २००४ च्या अभ्यासात नारान्जो स्केल वापरलं होतं. १९८१ चं, दहा प्रश्नांचं. ९ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ शक्य, शून्य किंवा कमी म्हणजे संशयास्पद. आपल्याकडे ते भरताना सर्रास होणारी चूक दाखवतो.

उदाहरण घेऊ. ६८ वर्षांचा रुग्ण, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड चालू, डायक्लोफेनॅक पाच दिवस, क्रिएटिनिन १.१ वरून ३.४. डायक्लोफेनॅक थांबवल्यावर आठवड्यात १.३.

पूर्वीच्या नोंदी आहेत, +१. औषधानंतर घटना, +२. थांबवल्यावर सुधारणा, +१. पुन्हा दिलं का? नाही, ०. पर्यायी कारण आहे का? हा पाचवा प्रश्न बाजूला ठेवू. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, दिली नाही, ०. रक्तातली विषारी पातळी तपासली नाही, ०. डोस वाढवून-कमी करून पाहिलं नाही, ०. पूर्वी असंच झालं होतं का, माहीत नाही, ०. तपासणीने सिद्ध, +१. बेरीज ५.

आता पाचवा प्रश्न. 'पर्यायी कारण नाही' लिहिलं तर +२, एकूण ७, संभाव्य. 'माहीत नाही' लिहिलं तर ०, एकूण ५, तरीही संभाव्य. 'आहे, जुलाब आणि ऊन' असं खरं लिहिलं तर -१, एकूण ४, फक्त शक्य. एका प्रश्नावर तीन गुण हलतात. आणि नेमका हाच प्रश्न घाईत 'माहीत नाही' म्हणून सोडला जातो. त्यामुळे सोडणाऱ्याचा निष्कर्ष प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाम दिसतो. दोन जणांनी एकमेकांचं न बघता गुण द्यावेत, आणि पाचव्या प्रश्नासमोर कारण शब्दांत लिहिणं सक्तीचं ठेवावं.

सहावा प्रश्न प्लासिबोचा. वॉर्डात तो कायम शून्यच राहणार. चौथा, पुन्हा देऊन पाहण्याचा, गंभीर रिअॅक्शनमध्ये विचारातही घेऊ नये. म्हणजे १३ पैकी तीन गुण आधीच हातचे गेले. 'निश्चित' जवळपास कधीच येत नाही याचं नवल वाटायला नको.

बेसा

फुटाळाजी, बरोबर आहे, पण मग दुष्परिणाम नोंदवायच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरतात ती डब्ल्यूएचओ-यूएमसीची (जागतिक आरोग्य संघटना आणि तिचं उप्सालाचं केंद्र) पद्धत इथे जास्त बरी. गुणांची बेरीज नाही, निकष आहेत. 'संभाव्य' म्हणायला दुसऱ्या आजाराने किंवा औषधाने ते घडण्याची शक्यता कमी असावी लागते. तुमचं उदाहरण तिथे सरळ 'शक्य'मध्ये जातं, माहीत-नाहीची पळवाट उरत नाही. यकृतासाठी मात्र दोन्ही कमी पडतात, तिथे रुकाम नावाची पद्धत. स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडीची साल सुटणारी गंभीर रिअॅक्शन, तिच्यासाठी आल्डेन.

आणि सातव्या प्रश्नाबद्दल, रक्तातली पातळी. फेनिटोइन या फिटच्या औषधावरच्या रुग्णात एकूण पातळी ८ मायक्रोग्रॅम आली, सामान्य १० ते २०, म्हणून रेसिडेंट डोस वाढवतो. अल्ब्युमिन, म्हणजे फेनिटोइन ज्याला चिकटून राहतं ते रक्तातलं प्रथिन, बघितलेलंच नसतं. सुधारित पातळी म्हणजे मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन अधिक ०.१). अल्ब्युमिन २ असेल तर ८ भागिले ०.५, म्हणजे १६. रुग्ण योग्य पातळीतच आहे. त्यात फेनिटोइन पचवणारं एन्झाइम भरून गेलं की थोडा डोस वाढवला तरी पातळी एकदम चढते. ३०० वरून ४०० नेलं आणि आठवड्याने रुग्ण झोकांड्या खात आला, हे अगदी पुस्तकी चित्र. वाढ २५ ते ५० मिग्रॅची हवी.

सदर

नर्सिंगच्या बाजूने पुरळाबद्दल. राऊंडला डॉक्टर येईपर्यंत सहा तास गेलेले असतात, म्हणून पहिली नोंद आमचीच असते आणि ती नेमकी हवी. 'अंगावर रॅश' एवढं लिहून भागत नाही.

काय बघायचं: ताप आहे का. तोंडात, ओठांवर, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड किंवा जळजळ आहे का. कातडी लाल आहे की जांभळट-काळी, आणि खाजण्यापेक्षा दुखते का. बोटाने बाजूला दाबलं तर साल सरकते का. चेहरा सुजला का, मानेत गाठी आहेत का. रुग्णाचा तळहात बोटांसह अंगाच्या साधारण एक टक्का धरून साल किती सुटली ते मोजायचं: १० टक्क्यांच्या आत स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० च्या वर टीईएन, म्हणजे त्याचंच जास्त गंभीर रूप, मधलं दोन्हींच्या सीमेवरचं. फोटो रुग्णाच्या संमतीने, चेहरा झाकून, बाजूला मोजपट्टी ठेवून.

दुखणारी कातडी आणि तोंडातले फोड एकत्र दिसले तर संशयित औषधाचा पुढचा डोस द्यायचा नाही, आणि लगेच कळवायचं. औषधाच्या चार्टवर लाल शाईने 'थांबवले', तारीख, वेळ. नुसतं तोंडी सांगितलं तर रात्रपाळी तो डोस देते.

गोरेवाडा

सदरताई, फार नेमकं लिहिलंत. त्याला तारखांची जोड देतो, कारण पुरळ कोणत्या औषधाचं हे बहुतेक वेळा तारखाच सांगतात. गांधी किंवा घशाची सूज मिनिटांत ते तासाभरात. फिक्स्ड ड्रग इरप्शन, म्हणजे दरवेळी त्याच जागी उठणारा काळपट डाग, पुन्हा घेतल्यावर काही तासांत ते दोन दिवसांत. स्टीव्हन्स-जॉन्सन पहिल्यांदा औषध सुरू केल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांत. ड्रेस, म्हणजे ताप, गाठी, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढणं आणि यकृताचा त्रास, २ ते ८ आठवड्यांत.

म्हणून काल सुरू केलेल्या अँटिबायोटिकवर दोष ढकलण्याआधी महिन्याभराच्या गोळ्या बघा. तीन आठवड्यांपूर्वी फिटसाठी सुरू झालेलं कार्बामाझेपिन किंवा युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल मागच्या पानावर असतं. कित्येकदा तापासाठी घेतलेलं अँटिबायोटिक हे त्या रिअॅक्शनच्याच पहिल्या तापासाठी घेतलेलं असतं, आणि शिक्षा त्याला होते. मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस होऊ शकतो अशी सूचना भारतीय फार्माकोपिया आयोगाने २०२३ मध्ये काढली. पाळीच्या दुखण्यासाठी घेतलेली गोळी कोणी सांगत नाही, ती विचारावी लागते.

कार्बामाझेपिनवर उठलं तर फेनिटोइन किंवा फेनोबार्बिटोनकडे वळू नये. तिघांची रचना जवळची, तिघांत उलटसुलट रिअॅक्शन होते. तिथे लेव्हेटिरासिटाम.

कामठीरोड

या धाग्यावर जनुकांचा विषय यायलाच हवा. पिरमोहमद यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग तोच आहे. प्रिपेअर अभ्यास, लॅन्सेट २०२३, ते त्यातले एक लेखक: सात युरोपीय देश, ६,९४४ रुग्ण, १२ जनुकांचा संच आधी तपासून डोस ठरवायचा. ज्यांच्यात डोस बदलायला लावणारा जनुकीय निकाल होता त्यांच्यात दुष्परिणाम २७.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले.

आपल्या भागाला लागू काय? एक, डॅप्सोन हे कुष्ठरोगावरचं औषध. विदर्भात कुष्ठरोगाचं काम मोठं आहे. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये चीनमधल्या कुष्ठरुग्णांवरचा निबंध आला: एचएलए-बी*१३:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांत डॅप्सोन सिंड्रोमचा धोका कितीतरी जास्त. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाचा अनेक औषधांचा एकत्र उपचार, सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ दिसली तर डॅप्सोन लगेच बंद. ती लेप्रा रिअॅक्शन, म्हणजे कुष्ठरोगाचीच भडकलेली प्रतिक्रिया, समजून एमडीटी तशीच चालू ठेवणं ही इथली धोक्याची चूक, कारण लेप्रा रिअॅक्शनमध्ये एमडीटी थांबवायची नसतेच.

दोन, जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं एन्झाइम. गडचिरोलीत व्हायवॅक्स मलेरियाला प्रायमाक्विन १४ दिवस, ०.२५ मिग्रॅ प्रति किलो. जी६पीडी कमी असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चहासारखी काळी लघवी, कावीळ, दम. रुग्णाला नेमकं एवढंच सांगायचं: लघवीचा रंग बदलला तर गोळी बंद आणि दवाखाना. सिकलसेल इथे आधीच आहे. रक्त कमी का झालं हे सिकलवर ढकललं जातं आणि औषध सुटतं. आणखी एक खाच: रक्त फुटल्यानंतर लगेच केलेली जी६पीडी चाचणी खोटी सामान्य येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून नव्या, एन्झाइम जास्त असलेल्या पेशी उरतात. तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

अंबाझरी

कामठीरोडजी, जनुकांबद्दल आदर आहे, पण क्रम चुकू नये. पहिल्या पोस्टमधली यादी पुन्हा वाचा: ॲस्पिरिन, लघवीची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी. यातला बराचसा भाग तपासणीच्या तारखा पाळून कमी होतो. रक्त पातळ करायला आपल्याकडे वॉरफरिनच्या जोडीने ॲसेनोकुमारॉल भरपूर चालतं. त्यावर कोणी मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोल लिहिलं, तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, झालाच पाहिजे. सार्टन नव्याने सुरू केलं तर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. या तारखा प्रिस्क्रिप्शनवर छापलेल्या असाव्यात. जनुक तपासणी आली तर उत्तम, पण तिच्यासाठी हे थांबू नये.

सांधेवाताचं मेथोट्रेक्सेट सुटायला नको. आठवड्यातून एकदाची गोळी रोज घेतली जाते. तोंड सोलपटतं, पांढऱ्या पेशी पडतात. प्रिस्क्रिप्शनवर वाराचं नाव मराठीत लिहा, 'फक्त सोमवारी'. विषबाधा झाल्यावर फॉलिक ॲसिड पुरत नाही, फोलिनिक ॲसिड लागतं.

बेसा

मेथोट्रेक्सेटची चूक एडीआरमध्ये धरायची का? १९७२ च्या डब्ल्यूएचओ व्याख्येत 'नेहमीच्या डोसला' असे शब्द आहेत, त्यामुळे काटेकोरपणे नाही. युरोपने २०१० मध्ये व्याख्या रुंद करून चुकीच्या वापरातले परिणामही घेतले. अभ्यास सुरू करण्याआधी आपण कोणती व्याख्या घेतो हे लिहून ठेवावं, नाहीतर मध्येच बदलेल आणि दोन महिन्यांचे आकडे जुळणार नाहीत.

महालकर

टीबीच्या औषधांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या तिपटीवर आणि मळमळ-कावीळसारखी लक्षणं, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीवर गेलं, की आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही बंद. दुपटीखाली आलं की एकेक करून परत: आधी रिफाम्पिसिन, तीन ते सात दिवस बघून आयसोनियाझिड, पायराझिनामाइड शेवटी, आणि कावीळ गंभीर असेल तर नाहीच. प्रत्येक औषधाआधी एएलटी. नारान्जोतला चौथा प्रश्न ज्या मोजक्या ठिकाणी खरोखर भरता येतो त्यातलं हे एक. मात्र तिन्ही एकदम सुरू केली तर दोषी कोण हे कळत नाही आणि चांगलं रिफाम्पिसिन कायमचं गमावलं जातं.

आयुर्वेदिक औषधंही विचारा. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध झाली आहे. काढा हे औषध आहे, हे रुग्णाला प्रश्न विचारूनच लक्षात आणून द्यावं लागतं.

चितारओळ

फॉर्म कुठे, कसा द्यायचा हे इथे असू द्या. फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचा कार्यक्रम, देशात जुलै २०१० मध्ये सुरू झाला, एप्रिल २०११ पासून त्याचं केंद्र गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगात आहे. तिथून अहवाल स्वीडनमधल्या उप्सालाच्या जागतिक साठ्यात जातात. शहरात मेडिकलच्या फार्माकॉलॉजी विभागात फॉर्म देता येतो. टोल फ्री १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतः भरायचा फॉर्म वेगळा आहे आणि मराठीत मिळतो.

चार गोष्टींशिवाय अहवाल ग्राह्य होत नाही: रुग्णाची ओळख (आद्याक्षरं आणि वय पुरतात), काय झालं आणि कधी, संशयित औषध, आणि कळवणारा. कारण सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, संशय पुरे. बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी पाठवा, पण बॅच नंबर शक्य तितका मिळवा.

बॅच का, याचं उत्तर आपल्या दारात होतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची मुलं लघवी बंद पडून नागपुरात भरती झाली. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, एका बॅचच्या तपासणीत ४८.६ टक्के, जिथे मर्यादा ०.१ टक्के आहे. शास्त्रीय अर्थाने हा एडीआर नाही, ती भेसळीची विषबाधा. पण वॉर्डात पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. एका गावाकडून दोन लहान मुलं, कारण न सापडलेली मूत्रपिंड निकामी, आधी सर्दी-खोकला: एवढं जुळलं की बाटली ताब्यात, झाकण घट्ट, उरलेलं औषध ओतू नका, बॅचचा फोटो, आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला फोन. फॉर्म त्यानंतर. ही वेळ टपालाची नाही.

फुटाळा

चितारओळ भाऊंच्या पोस्टला एक पुरवणी, कारण हा गोंधळ नेहमी होतो. अशा स्वयंस्फूर्त अहवालांवरून टक्केवारी काढता येत नाही. किती लोकांनी औषध घेतलं हे माहीत नसतं, आणि कळवलं किती जातं? २००६ मध्ये ३७ अभ्यास एकत्र पाहून निघालेला मध्यक: ९४ टक्के कळवलं जातच नाही. अहवालांतून फक्त इशारा मिळतो, अमुक औषधासोबत अमुक त्रास अपेक्षेपेक्षा जास्त वेळा नोंदला जातोय. प्रमाण हवं तर पिरमोहमद यांच्या पद्धतीने सगळे भरती रुग्णच मोजावे लागतात.

त्यासाठी संख्या. ६.५ टक्के अपेक्षित धरून दोन टक्के इकडे-तिकडे अचूकता हवी असेल, ९५ टक्के खात्रीने, तर ५८४ भरत्या. १६.५ टक्के धरले तर १,३२४. मेडिसिनच्याच भरत्या घेणार असाल तर दुसरा आकडा धरा.

गोरेवाडा

दुसराच धरतो. सगळ्यांच्या सूचना घेऊन नोंदीचा कच्चा आराखडा असा: वय, वजन, भरतीची तारीख आणि वेळ. क्रिएटिनिन, पोटॅशियम, अल्ब्युमिन. गेल्या आठ आठवड्यांतलं प्रत्येक औषध घटकाच्या नावाने, डोस, सुरू आणि बंद तारीख, कोणी दिलं (डॉक्टर, दुकान, स्वतः, पुडी). पट्टीचा फोटो आहे-नाही. त्रासाची पहिली तारीख, भरतीची नव्हे. पर्यायी कारण, शब्दांत. दोन परीक्षकांचं डब्ल्यूएचओ-यूएमसी मत वेगवेगळं. टाळता येण्याजोगं होतं का, हॅलसच्या निकषांनी, कारण २००४ मध्ये तेच वापरले होते. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. काळ एप्रिल ते जून आणि नोव्हेंबर ते जानेवारी असे दोन तुकडे, म्हणजे अंबाझरीजींचा उन्हाचा मुद्दा तपासता येईल.

सदर

एक रकाना वाढवा: 'कोणतंही औषध घेत नव्हता', विचारून खात्री केल्याच्या सहीसह. तो नसेल तर रिकामी ओळ म्हणजे औषध नव्हतं की विचारलंच नाही, हे शेवटी कोणालाच सांगता येणार नाही. आणि ही माहिती भरतीच्या वेळी घाईत न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी, घरून पिशवी आल्यावर, पुन्हा एकदा घ्या. रात्री दोन वाजता आलेला नातेवाईक बहुतेक वेळा औषधं देणारा नसतो.

गोरेवाडा

दोन्ही घेतले. दुसऱ्या दिवशीच्या माहितीचा रकाना वेगळा ठेवतो, पहिल्यावर खोडून लिहायचं नाही. रात्रीच्या आणि सकाळच्या यादीत किती औषधांचा फरक पडतो, तोही मोजू.